ऊर्फ

“या नावाचा कुणी आमच्यात नव्हता,” फोनमधला आवाज म्हणाला.

अधिकाऱ्याने फोन स्पीकरवर टाकून टेबलाच्या मधोमध ठेवला होता. त्याने नाव पुन्हा वाचलं, या वेळी वडिलांच्या नावासकट, सावकाश. पलीकडे आधी खोकला आला, मग उत्तर. “नाही हो. मी शेवटपर्यंत त्या टेकडीवर होतो. माणसं होतीच किती! हे नाव मी आज ऐकतोय.”

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो टेबलाच्या काचेवर उमटलेल्या चहाच्या गोल डागाकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते. खोटं बोलताना त्याचे कान लाल होत नसत. लाज वाटली की होत.

“आजोबा,” अधिकारी म्हणाला. त्याने आवाज चढवला नव्हता. “हे पदक फक्त कुमक येईपर्यंत टेकडीवरची चौकी न सोडलेल्यांसाठी आहे. तुमच्या तुकडीची कागदपत्रं पुरात गेली, म्हणून साक्षीवर काम चालतं. पदक मिळालेल्यांपैकी हे हवालदारसाहेब एकटेच उरलेत. तेच ओळखत नसतील, तर मला ‘खोटा दावा’ असा शेरा मारावा लागेल.”

“खोटा?” ती म्हणाली. “यांच्या मांडीत अजून लोखंडाचा तुकडा आहे. काढून दाखवू?”

“आजी, तुकडा कुठेही लागू शकतो.”

अर्ज तिच्याच हट्टाने केला होता. तिचा भाऊ चार माणसांत म्हणायचा, “आमचे दाजी फौजेत कंदील पुसायला होते.” नवरा आपल्या दुकानात हसून सायकलचं चाक फिरवत राहायचा. तिला कधी हसू आलं नाही. आता कंदील पुसणारा बरा, अशी वेळ आली होती, आणि ती तिनेच ओढवून आणली होती.

अधिकाऱ्याने पेनाचं टोपण काढलं.

“अहो, बोला की! मिठाची गुळणी धरल्यासारखे काय बसलात?”

नवऱ्याने ओठ ओले केले. “तिथं नावाने कुणी हाक मारत नसे.”

“मग कशी मारत?” अधिकाऱ्याने विचारलं.

नवरा तिच्याकडे वळला. “तू जरा बाहेर बस.”

“बसते हं! जन्मभर तुमचं पथ्यपाणी केलं, दुकानात बसून पंक्चरं काढली. आता तुमची एक हाक ऐकायची, तर मी बाहेर बसू?”

पंखा फिरत होता. फोनमधून हवालदाराचा घरघरता श्वास ऐकू येत होता.

“ससा,” नवरा म्हणाला. इतकं हळू, की अधिकाऱ्याने “काय?” म्हटलं आणि त्याला ते पुन्हा सांगावं लागलं.

तिने ऐकलं. ससा म्हणावं असे नवऱ्याचे कान नव्हते, दातही नव्हते. उरलं एकच.

फोनमध्ये काहीतरी धाडकन पडलं. “ससा? ससा आहे तिथं? अरे, मग आधी नाही का सांगायचं! जिवंत आहेस होय रे, गाढवा?”

“आहे,” नवरा म्हणाला. तो कधी उठून उभा राहिला, हे तिला कळलंच नाही.

“हवालदारसाहेब, म्हणजे हे चौकीवर होते?”

“होता.”

“कुमक येईपर्यंत?”

पलीकडे काहीच ऐकू येईना. श्वाससुद्धा नाही. नवऱ्याने टेबलाची कड धरली होती. त्याच्या नखांच्या कडेला कायमचं बसलेलं वंगण तसंच काळं होतं. नखं मात्र पांढरी पडत चालली होती.

“कुमक आली, तेव्हा होता,” हवालदार म्हणाला.

अधिकाऱ्याने लिहून घेतलं. विचारलेलं आणि सांगितलेलं यांत फरक होता. तिला तो दिसला, त्याला दिसला नाही. तो हसत म्हणाला, “पण ससा का हो?”

“ते अर्जात लिहायचं असतं का?” हवालदाराने विचारलं.

“नाही, नाही. सहज विचारलं.”

“मग सहजच राहू द्या.”

अधिकाऱ्याने अर्ज नवऱ्यापुढे सरकवला. “इथं नावापुढे ‘ऊर्फ’ लिहून ते नाव घाला आणि सही करा. नाहीतर साक्ष अर्जाशी जुळायची नाही. समारंभातही तसंच वाचतील.”

“सगळ्यांसमोर?”

“लाउडस्पीकरवर.”

तिला पहिल्या रांगेत बसलेला भाऊ दिसला. कंदील परवडला, हे नाव तो मरेपर्यंत सोडणार नव्हता. राहू द्या, चला घरी, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. नवऱ्याने पेन घेतलं. कागदावर धरलं. मग ते आडवं ठेवून दिलं आणि दाराकडे पाहिलं. दार उघडंच होतं.

तिने ओठ मिटून घेतले.

“हॅलो?” फोन म्हणाला. “आवाज का येत नाही? ससा? ए ससा! गेला वाटतं पळून.” आणि स्वतःच्याच विनोदावर हसता हसता हवालदाराला खोकल्याची उबळ आली.

उबळ संपेपर्यंत नवरा उभाच होता. मग त्याने खुर्ची पुढे ओढली, बसला आणि फोनवर वाकला.

“नाही रे,” तो म्हणाला. “इथंच आहे.”