अर्धा स्वर खाली

बाळाच्या बाटल्या उकळून झाल्या होत्या, तरी तिने गॅस बंद केला नाही. पातेलं खदखदत असलं, की स्वयंपाकघरात उभं राहून बाहेरच्या खोलीकडे कान लावायला निमित्त मिळतं.

बाहेर नवरा गिटार मांडीवर घेऊन बसला होता. बाबागाडीची घडी घालताना चिरडलेलं त्याचं डाव्या हाताचं पहिलं बोट आज सकाळीच पट्टीतून मोकळं झालं होतं. संध्याकाळी त्याच्याकडे गिटार शिकणारे काका यायचे होते. जेवताना त्याने मान वर न करता सांगून टाकलं होतं, "आज एफ लागली नाही, तर शिकवणी बंद. मला जे दाबता येत नाही, ते मी लोकांना दाबायला सांगणार नाही."

एफ म्हणजे सगळ्यांना रडवणारी कॉर्ड. तेच पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबून धरायचं.

"एकदम बंद कशाला? जरा दम धर ना," ती म्हणाली होती. तो ताट उचलून उठला.

म्हणून तो आंघोळीला गेल्यावर तिने ते केलं. बाळ कडेवर, स्वर दाखवायला मोबाइल उशीला टेकवलेला, आणि एका हाताने खुंट्या पिळत तिने सहाही तारा अर्धा अर्धा स्वर उतरवल्या. अर्धा स्वर, म्हणजे गिटारच्या मानेवरचं एक घर, एक फ्रेट. सैल तार बोटाला मऊ लागते, एवढं त्याच्याच शिकवण्या ऐकून तिला ठाऊक होतं. सगळ्या सारख्याच उतरवल्या तर त्या आपापसात भांडणार नाहीत. मग कुणाला कळतंय?

आता मात्र तिला तो हिशेब कच्चा वाटू लागला. हा माणूस मिक्सरचा स्वर सांगायचा. शेजारच्यांचं दार कुठल्या सुरात करकरतं, तेही. बेल वाजली, की दार उघडायच्या आधी तेच दोन स्वर गिटारवर वाजवून बेलला उत्तर द्यायचा: पहिली तार मोकळी, मग दुसऱ्या तारेवर पहिला फ्रेट. बाळ त्याला खिदळायचं. बघून बघून तिलाही ते पाठ झालं होतं. असल्या कानाला फसवायला निघालो आपण!

बाहेर ई मायनर वाजली. तिच्यात पहिलं बोट लागतच नाही, म्हणजे ती लबाडीच. मग ए मायनर. पहिलं बोट एका तारेवर टेकलं, तार जराशी कुरकुरली आणि वाजली. आता थांबेल. आता विचारेल, गिटारला कुणी हात लावला?

त्याने बोट चोळलं.

मग एफ. थड्. मेलेला आवाज. पुन्हा थड्. "आई गं," तो पुटपुटला. तिने गॅस बंद केला. त्याने कोपर अंगाशी ओढलं आणि एकेक तार छेडत गेला. वाजली, वाजली, एक मुकी. बोट सरकवून पुन्हा. या खेपेला सगळ्या वाजल्या.

"अगं, लागली बघ एफ!"

त्याच्या ओरडण्याने बाळ उठलं. त्याला उचलून घेत ती दारात आली, हसली. पण नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघता बघता डोक्यात नवाच भुंगा सुरू झाला. याला कळलं नाही. मिक्सरचा स्वर ओळखणाऱ्याला स्वतःची गिटार उतरलेली कळली नाही. इतके आठवडे तारेला हात नाही. बोटाबरोबर कानही गेला की काय? बोट तरी भरून येतं.

सांगावं, तर लागलेली एफ खोटी ठरते. न सांगावं, तर काका आपली गिटार घेऊन शेजारी बसणार आणि याची शोभा होणार. तिने बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

बेल वाजली.

बाळाने मान वळवली ती दाराकडे नाही, बापाकडे. बापाने जिभेचं टोक दातांत धरून बेलला उत्तर दिलं. दोन स्वर, जसेच्या तसे.

ती बघतच राहिली. पहिली तार मोकळी नव्हती. तिच्या पहिल्या फ्रेटवर बोट होतं. आणि दुसऱ्या तारेवर बोट पडलं ते पहिल्या नाही, दुसऱ्या फ्रेटवर. तिने जेवढं खाली उतरवलं होतं, तेवढंच तो वर सरकला होता.

"दार उघड ना," तो गिटारकडेच बघत म्हणाला. "काका खोळंबलेत."

काका आले ते चप्पल काढता काढताच बोलत. "काय सर, बोट काय म्हणतंय?"

"बोलायला लागलंय. बसा."

"आज नावं ठेवायला जागा नाही हं. घरून मशीन लावून, जुळवून आणलीये."

"वाजवा मग सी. मीही वाजवतो."

दोन सी एकमेकींवर आदळल्या. बाळाने तोंड वाकडं केलं. काकांचा चेहरा पडला. "माझंच काहीतरी... मशीन नवीन आहे हो सर, नाहीतर ही बोटं..."

"तुमची बरोबर आहे, काका. माझी खाली आहे." त्याने लालबुंद बोट त्यांच्यापुढे धरलं. "यात अजून तेवढा जोर नाही, म्हणून तारा सैल आहेत. काही दिवस तुम्हीही उतरवा, म्हणजे आपण एका ठिकाणी येऊ."

काका गिटारवर ओणवे होऊन खुंट्यांशी झटापट करू लागले. "पण असं खाली किती दिवस राहायचं, सर?"

तेव्हा कुठे त्याने मान वर करून दाराकडे पाहिलं.

"हिला विचारा. आमच्याकडे सध्या तारा हीच लावते."