आपापला आकडा

“आकडे!” गाईडबाईंनी पुढून हाक दिली आणि सगळी रांग कड्याच्या टोकाशी थबकली.

समुद्र डावीकडे, खूप खाली. पायवाट इतकी अरुंद आणि वळणाची, की पुढच्याला मागचा दिसायचा नाही. म्हणून पहाटे निघतानाच बाईंनी अठरा जणांना अठरा आकडे वाटले होते. हाक आली की आपला आकडा ओरडायचा. एक जरी आला नाही, तर रांग हलणार नाही. “आणि आपला आकडा आपणच म्हणायचा,” त्यांनी बजावलं होतं. “नवऱ्याचा बायकोने नाही, आईचा लेकीने नाही. इथे कुणाची वकिली चालत नाही.”

आईचा आकडा अकरा होता, लेकीचा बारा.

लेक पंधरा वर्षांची. नवे बूट, नवी टोपी, आणि सकाळपासून कॉलेजच्या मुलींच्या बरोबरीने चालत होती. त्यांतली चार नंबरची तर तिला म्हणाली होती, “भन्नाट चालतेस गं!” तेव्हापासून हिचे पाय जमिनीला लागत नव्हते. आणि आई? आई मागे. रोजच्या चपला, खांद्याला पर्स, फूल दिसलं की वाक, होडी दिसली की थांब. तिच्यासाठी रांग दोनदा थांबली होती. दुसऱ्यांदा ती धापा टाकत आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “पिल्लू, थांब की गं जरा! तुझी आई काय बकरी आहे का, उड्या मारत यायला?”

सगळे हसले. चार नंबरने घड्याळ पाहिलं. “पिल्लू, तुझ्या आईला पोस्टानेच मागवायला हवं होतं.”

पिल्लूही हसली. सगळ्यांत मोठ्याने हसली.

आता तिसरी खेप. “एक!” “दोन!” “तीन!” आकडे येऊ लागले. बाईंची रांगेकडे पाठ होती, त्या खाली पाण्याकडे बघत होत्या. इथून उतरून वाळूवरून पलीकडची टेकडी गाठायची होती, आणि भरती चढत होती.

“नऊ!”

“दहा!” हे पिल्लूच्या शेजारी उभे असलेले निवृत्त मास्तर.

मग शांतता. चार नंबरचा हात पुन्हा घड्याळाकडे गेला.

“अकरा!” पिल्लू घसा जाड करून ओरडली. आणि लगेच आपल्या आवाजात, “बारा!”

चार नंबरने तिला कोपराने ढोसलं. दोघी फिदीफिदी हसल्या. येईलच की आई दोन मिनिटांत. वाट तर एकच आहे, हरवणार कुठे?

“अठरा!” आला आणि रांग उतरली.

वाळू ओली होती, पाणी बुटांची टोकं चाटून जात होतं. पलीकडची टेकडी चढून सगळे वर आले. बाटल्या निघाल्या, फोटो निघाले. फोटोत पिल्लू मधोमध.

“ते पिवळं काय आहे हो?” मास्तर म्हणाले.

समोरच्या उतारावरून एक पिवळी ओढणी हळूहळू खाली येत होती. तिच्या खाली आता वाळू नव्हती. पाणी होतं.

“अकरा नंबर,” मास्तर म्हणाले. “पण त्यांनी तर मघाशी...” त्यांनी शेजारच्या पिल्लूकडे पाहिलं.

गाईडबाईंनी पाठीवरची सॅक टाकली आणि धावत सुटल्या.

“आई! तिथेच थांब!” पिल्लू जीव तोडून ओरडली. लाटांपुढे तिचा आवाज कुठे पुरणार? लेक हात करतेय एवढंच आईला दिसलं असावं. कारण तिनेही हात हलवला, हौसेने, स्टेशनवर पाहुण्यांना करतात तसा, आणि पाय पाण्यात टाकला.

एक लाट आली. ओढणी दिसेनाशी झाली. मग दिसली. मग पुन्हा नाही. मग तिच्याजवळ बाईंचं केशरी जॅकेट दिसलं, आणि टेकडीवर कुणीतरी पहिल्यांदा श्वास सोडला.

आई वर आली ती छातीपर्यंत भिजून, एका पायात चप्पल, पर्स गच्च पोटाशी धरलेली. तिचे दात वाजत होते.

“माझ्यामुळे खोळंबा झाला हो सगळ्यांचा,” ती हसत म्हणाली.

कुणी हसलं नाही.

“तुमचा आकडा कुणी म्हटला?” बाईंनी विचारलं.

आईने गालाला चिकटलेले केस मागे सारले. लेकीकडे पाहिलं, पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ.

“मीच की! मागून ओरडले. आवाज मोठा आहे हो माझा, घरी विचारा कुणालाही.”

पिल्लूचे कान तापले. चार नंबर खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागली. नाडी सुटलेली नव्हतीच.

“आकडे,” बाई म्हणाल्या. या वेळी ओरडल्या नाहीत.

एक. दोन. तीन. चार. दहापर्यंत सगळे खालच्या आवाजात आले.

“अकरा!” आई मात्र ठणकावून म्हणाली.

मग काहीच नाही. पिल्लूने तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. आई वळली. तिने श्वास घेतला, लेकीसाठी ओठ उघडलेही. गाईडबाईंनी तिच्या ओल्या दंडावर हात ठेवला आणि नकारार्थी मान हलवली.

खाली वाट पूर्ण बुडाली होती. वर पिल्लूभोवती बाकीची सतरा माणसं उन्हात उभी होती, आणि एकानेही घड्याळ पाहिलं नाही.