काचेवरचं गंध

जवळ सरकून बसा, माउली, एक गोष्ट सांगते.

लेकीच्या वास्तुशांतीला घरच्या सगळ्यांचा फोटो द्यायचा होता, पण नवी फ्रेम परवडेना. मग कुमुदने भिंतीवरचा चंदनी हार उतरवला, वारलेल्या नवऱ्याचा फोटो काढून पोथीत ठेवला आणि त्याच फ्रेममध्ये सगळ्यांचा बसवला. रडू आलं नाही.

वास्तुशांतीच्या दिवशी लेकीच्या सासूने भेटीवरचा कागद सोडला. "अगंबाई विहीणबाई, काच जुनीच की! हा कसला डाग?" ती नखाने खरवडू लागली. कुमुदने नवऱ्याच्या कपाळी काचेवरून रोज लावलेलं गंध पुसूनही उरलं होतं.

लेकीने सासूचा हात धरला. "असू द्या, अहो आई. बाबा आलेत."

कुमुदला तेव्हाही रडू आलं नाही. पदराने तिने ठिपक्याभोवतीची काच तेवढी पुसली.

उद्या देवाला गंध उगाळाल, तेव्हा त्या बाबांना आठवा.