लाइट गेली तर?

झोपेत अंबादासचा श्वास मधूनच थांबायचा, आणि त्याला त्याचा पत्ताही नसायचा. बायको, राजमणी, गदागदा हलवायची, तेव्हा कुठं तो घशातून आवाज काढत हवा ओढायचा. शेवटी डॉक्टरांनी नाकातोंडावर मास्क लावून हवा देणारं मशीन घ्यायला लावलं.

"लाइट गेली तर काय करायचं ओ?" मशीन बसवायला आलेल्या माणसाला तिनं विचारलं.

"घाबरू नका वहिनी, पेशंटला आपोआप जाग येते."

"ह्यांना? श्वास कोंडला तरी ह्यांचे डोळे उघडत न्हाईत की!"

तेव्हापासून तिचा जीव त्या वायरीला टांगलेला. रात्रभर विजेवरचा कापडाचा माग चालवून अंबादास दिवसा झोपायचा, आणि घरामागच्या शेडमध्ये धाकटा दीर तोच माग चालवायचा. माग खडखडतोय म्हणजे लाइट आहे, एवढ्याच भरवशावर ती घरातली कामं उरकायची.

त्या दुपारी ती गल्लीच्या टोकाला नळावर होती, आणि भवानी पेठेतले सगळे माग एकदम गप्प झाले. घागर तिथंच टाकून ती अनवाणी पळत सुटली. "अहो, उठा! उठा की ओ!" असं रस्त्यापासूनच ओरडत ती घरात शिरली.

मशीन बंद होतं. मास्क उशीवर पडला होता. अंथरूण रिकामं होतं.

 

तेवढ्यात मागच्या शेडमधून अंबादासचा झोपेनं जड झालेला आवाज आला, "माग का थांबवलास रे?"