पश्चिमेची खिडकी

बारमेरला बदली झाल्यावर निरंजनने तिथलं नवंकोरं घर फोटो पाहूनच घेतलं. दिवाणखान्याला भिंतभर काचेची खिडकी होती. "घरबसल्या वाळवंटातला सूर्यास्त!" असं तो कोल्हापुरात सगळ्यांना सांगत सुटला.

दुपार कलली की त्याच खिडकीमुळे घराची भट्टी व्हायची. एसी दमून बंद पडायचा. फटींतून शिरलेली वाळू त्याच्या बायकोला, शर्वरीला, कणकेत, गादीत, लेकीच्या दुधातही सापडायची. केर काढून तिची कंबर मोडायची. तक्रार केली की बिल्डर हसून म्हणायचा, "मॅडम, रेगिस्तान है!" निरंजन ऊन उतरल्यावर घरी यायचा आणि "रंग बघ गं!" म्हणत फोटो काढायचा.

उन्हाने लेकीला ताप भरला, तेव्हा शर्वरीने गवंडी बोलावला.

तापाचं कळताच निरंजन भर दुपारी धावत आला. खिडकी निम्मी विटांनी बुजली होती. "अगं, घर मी या खिडकीसाठी घेतलं!" तो दारातूनच ओरडला.

"सूर्यास्तासाठी घेतलंस," शर्वरी म्हणाली. "दुपारी इथं कोण राहणार, हे तुझ्या मनातही आलं नाही."

बूट काढून तो आत आला आणि उन्हात तापलेल्या फरशीवरून चटकन मागे सरला. अर्धवट भिंतीच्या सावलीत, कपाळावर ओली पट्टी घेऊन लेक झोपली होती. त्याने वाकून तिच्या कपाळावरची पट्टी उलटली.

"ईंटें कम तो नहीं पड़ेंगी?" मग त्याने गवंड्याला विचारलं.

शर्वरीने वळूनही पाहिलं नाही. तिने पुन्हा केरसुणी उचलली.