परवाचा पेपर

इटलीतल्या डोलोमाइट पर्वतातल्या घाटमाथ्यावर बर्फ भुरभुरत होतं. पुढच्या उतारावरचा वारा छातीत भरू नये म्हणून सायकल शर्यतीतल्या पोरींना जर्सीत कोंबायला माणसं जुने पेपर देत होती. झीता आत्याने ओर्नेलापुढे रविवारचा जाडजूड अंक धरला.

"हा नको. परवाचा दे."

"अगं, तो चार पानी! गारठून मरशील."

"दे गं तू!"

घाट उतरून ओर्नेला पहिली आली. दातांवर दात आपटत होते. वार्ताहर बर्तोलिन धावत आला.

"पोरी, एवढ्या गारठ्यात टिकलीस कशी?"

तिने जर्सीतून घामेजलेला पेपर ओढून त्याच्या हातात कोंबला. वर त्याच्याच लेखाचा मथळा होता : 'हा घाट म्हणजे बायकांचं काम नव्हे.'

"तुमचा लेख छातीशी धरून आले ना!"