दाब पंधरा

"दाब पंधरा," नवरा म्हणाला. "ट्रिम जरा वर घे."

समोरची दाबाची सुई दहावर होती. तिने "हो" म्हटलं आणि ट्रिमच्या बटणाला हातही लावला नाही.

आजची ही चौथी फेरी. बोटीत शाळेच्या बाई धरून अकरा माणसं, दोन सायकली आणि सुताराने आडवी टाकलेली खिडकीची चौकट. वारा तिरका येत होता. तिचे खांदे भरून आले होते आणि कान किटले होते.

सव्वीस वर्षं ही बोट त्यानेच चालवली होती. चार महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. जीव वाचला, बोट बंद ठेवणं परवडणारं नव्हतं, म्हणून सुकाणूवर ती बसली आणि शेजारच्या बाकावर तो. त्याने शिकवलं मात्र मनापासून. निघताना ट्रिम, म्हणजे इंजिनाचा कल, पार खाली ठेवायचं, नाहीतर बोट नाक वर करून बसते. वेग धरला की मागचं इंजिन बेताने उचलायचं, मग बोट हलकी होऊन सुसाट पळते. जास्त उचललंस तर पंख्याला पाणी मिळत नाही, इंजिन नुसतं बोंबलतं. आणि पाण्याच्या दाबावरची नजर हलवू नकोस. दाब पडला की इंजिन तापून मेलंच समज.

सुया तो वाचून सांगायचा. दाब पंधरा. तिला बारा दिसायचे. आधी वाटलं, आपलंच वाचायला चुकतंय. पण सुई आठवर असली तरी पंधरा, अठरावर असली तरी पंधरा. मग एक दिवस तिच्या लक्षात आलं, झटक्याने हाताबरोबर नजरही नेली होती.

हात गेलेल्या माणसाला, डोळेही गेलेत तुमचे, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? त्या दिवसापासून तिला दोन कामं झाली. बोट सांभाळायची आणि त्याचं मन सांभाळायचं. तोंडाने "हो" म्हणायचं आणि दिसतं तसं करायचं. सहा फेऱ्यांनी ती जेवढी दमत नसे, तेवढी त्या "हो"ने दमायची.

मधल्या खडकांच्या टप्प्यात सुई घसरली. सात. पाच. शेजारचा तापमानाचा काटा वर चढू लागला.

"दाब पंधरा. ट्रिम वर घे."

"नाही," ती म्हणाली.

इतक्या मोठ्याने की मागची बडबड थांबली.

"दाब चारवर आलाय. पाणवेल अडकलीय. इंजिन बंद करतेय मी."

तिने किल्ली फिरवली. एकदम शांतता पसरली, आणि वारा बोटीला खडकांकडे रेटायला लागला. शाळेच्या बाई उठून उभ्या राहिल्या.

"काका, अहो, काहीतरी सांगा ना! काय करायचं?"

त्याने मानही वळवली नाही. "तिला विचारा."

तिने बटण दाबून धरलं. इंजिन कण्हत पाण्याबाहेर आलं. पाणी ओढणाऱ्या खालच्या जाळीवर वेलींचा हिरवा गोळा बसला होता. "बाई, माझी कंबर धरा," म्हणत ती मागच्या काठावरून अर्धी बाहेर वाकली आणि नखांनी वेली ओरबाडू लागली. सुताराने वल्हं उचललं आणि पहिला खडक दूर ढकलून धरला. शेवटची वेल निघाली, तेव्हा तिची दोन बोटं रक्ताळली होती. इंजिन खाली. किल्ली. नाही लागलं. पुन्हा किल्ली. लागलं. सुई थरथरत उठली आणि अकरावर जाऊन थांबली.

बोट धक्क्याला लागली. लोक उतरले. बाई उतरता उतरता तिच्याकडे वळल्या. "काकू, उद्या पहिली फेरी कितीला?"

"सातला."

धक्का रिकामा झाला. दोर बांधता बांधता तीच म्हणाली, "अहो, चारचौघांत उलट बोलले तुम्हाला. चुकलं माझं."

"सुया मला दिसत नाहीत," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."

तिच्या हातातला दोर तसाच राहिला.

"तू ऐकत नाहीस, तेही माहीत होतं. मी वर म्हणायचो, आणि इंजिनचा आवाज जरासुद्धा बदलायचा नाही. बरोबरच करत होतीस."

"मग रोज कशाला घसा फोडत होतात?"

"सुरुवातीला तू पेट्रोल आणायला गेलीस की लोक हळूच येऊन विचारायचे, बोट तुम्हीच चालवणार ना? एकदा चौघं चढून परत उतरले होते. मी म्हणायचो, हात तिचा आहे, बाकी सगळं मीच सांगतो. बसा निवांत." त्याने डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. "आज लोकांनी तुलाच विचारलं. आता उद्या मला उठवू नकोस. फार दमलोय गं मी बोलून बोलून."